केबल गुंडाळण्याचा तास

"मालिकांच्या सेटवर इतकी वर्षं काढून आता परत कॉलेज कसलं?" हा प्रश्न मला व्हिडिओ कॉलवर दर रविवारी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, शिकता येतं. आणि कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, रहिवाशांना एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर फी पडते, म्हणजे तीन युनिटचा लायटिंगचा कोर्स १३८ डॉलरमध्ये. अंधेरी-गोरेगावातल्या खासगी फिल्म स्कूलांचा आकडा लाखांत सुरू होतो, हे घरच्यांना वेगळं सांगायला नको.

पण आज लिहायला बसले ते फीसाठी नाही. परवा आमच्या सरांनी अख्खा तास केबल गुंडाळायला शिकवलं.

हसू नका. सर म्हणजे उमेदीची सगळी वर्षं टीव्ही मालिकांच्या सेटवर लाइटची टीम सांभाळलेला माणूस. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून शाबूत. एक वेढा सरळ घ्यायचा, पुढचा मनगट आत वळवून उलटा, मग परत सरळ. एका वेढ्याचा पीळ पुढचा वेढा सोडवतो. अशी गुंडाळलेली केबल एक टोक धरून फेकली की वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही गाठ न पडता उलगडते. फेकून दाखवलीच त्यांनी. मग कोपर आणि पंजाभोवती गरागरा गुंडाळलेली दुसरी केबल फेकली, ती अर्ध्यावरच गुंता होऊन पडली. अशी केबल रोज गुंडाळली की आतली तार पिळली जाते आणि एक दिवस ऐन शॉटमध्ये दगा देते. मग प्रत्येकाला एकेक करून उभं केलं. सर चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे बघत होते. एका मुलीला काही केल्या जमेना, तर तिच्या शेजारी उभं राहून स्वतःची केबल हळूहळू गुंडाळत राहिले. एकदाही आवाज चढला नाही.

मला मात्र आमच्या युनिटमधला लाइटदादा आठवत होता. हाच वेढा, हेच मनगट, गप्पा मारता मारता. कारण विचारलं असतं तर म्हणाला असता, "मॅडम, असंच करतात." विचारलं कोणीच नाही, मीसुद्धा नाही. सेटवर कोणाला वेळ असतो?

मी इथला नियम मुद्दाम शोधून वाचला. माध्यम-निर्मितीसारख्या विषयाला शिक्षक व्हायला इथे मास्टर्सची सक्ती नाही. पदवी आणि दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव, किंवा दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव चालतो. आपल्याकडे मास्टर्सनंतर नेट-सेटची पात्रता परीक्षा किंवा पीएचडी नसेल तर सहसा दारात उभं करत नाहीत. यूजीसीने २०२२मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे व्यवसायातल्या अनुभवी माणसांसाठी प्राध्यापकपद, आणलं, पदवीची अटही सोडली, हे मान्य. पण तिथे १५ वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा, आणि जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच. त्या दहा टक्क्यांत एखादा नावाजलेला दिग्दर्शक बसेल. लाइटदादा बसेल? मला तरी वाटत नाही.

आता इथलं सगळं सोन्याचं आहे असंही समजू नका. आमचे सर अर्धवेळ आहेत, आणि अशांना एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच कारभाराखालच्या कॉलेजांत, पूर्णवेळ शिक्षकाच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम देता येत नाही. म्हणून बिचारे दोन-तीन ठिकाणी गाडी हाकत फिरतात. २०२३मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८, आणि त्यानंतर या शहरातलं काम पूर्वीसारखं परतलंच नाही. चांगले शिक्षक मिळताहेत, त्यात थोडा वाटा मंदीचाही असणार. आणि खरं सांगायचं तर शिकायला वर्गच लागतो असं नाही. फिल्मसिटीच्या त्या चढावर, असोसिएट दिग्दर्शकाच्या शिव्या खात जे डोक्यात बसलं ते कुठल्याच सेमिस्टरमध्ये बसलं नसतं. इथली पोरं पाच मिनिटांच्या फिल्मला महिना घेतात.

परवा तोंडातून निघून गेलं, की आम्ही दिवसाला वीस-बावीस मिनिटांचं फुटेज काढायचो. वर्ग गप्प. सरांचा पहिला प्रश्न, "आणि जेवण कधी?" इथे सहा तासांत जेवणाची सुट्टी दिली नाही तर युनियनच्या करारानुसार निर्मात्याला दंड पडतो, त्यामुळे त्यांची काळजी साहजिक. मी म्हटलं, जेवण वेळेवर, सकाळी पोहेसुद्धा गरम. पॅक-अपचं मात्र विचारू नका. शूटिंगची दोन युनिट एकाच वेळी कशी लावतात, एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट केलेल्या भागांचा साठा, कशी बांधतात, रात्रीच्या प्रक्षेपणाचा भाग सकाळी एडिटला कसा पळतो, हे सांगताना मला आमच्या युनिटचा अभिमान वाटत होता आणि बारा-बारा तासांच्या शिफ्टचं समर्थन मी का करतेय हेही कळत नव्हतं.

सरांनी पुढच्या तासाला मला वीस मिनिटं दिली आहेत, हेच सगळं फळ्यावर मांडायला. तेव्हा गोरेगावच्या बायांनो, कोणाकडे एखादी जुनी कॉल शीट (कोणी कधी सेटवर यायचं तो दिवसाचा कागद) पडली असेल तर व्हॉट्सॲपवर टाका. नटांची नावं आणि फोन नंबर खोडून.