बोट ठेवून दाखवता येईल असे काम

मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे, म्हणजे ॲपमध्ये काय असावे हे ठरवणे हे माझे काम. माझी बढती पहिल्यांदा हुकली त्या वर्षी मी अकरा नव्या सोयी ॲपमध्ये आणल्या होत्या. स्वमूल्यमापनाच्या अर्जात त्या अकराही मी क्रमाने लिहिल्या, प्रत्येकीपुढे तारीख घातली, स्क्रीनची चित्रे जोडली आणि दिवाळीपर्यंत पदनाम बदलेल असे सोलापूरला घरी सांगूनही टाकले. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांनी अर्ज शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, "तू नसतीस तर यातलं काय झालं नसतं?" मला उत्तर देता आले नाही, कारण खरे उत्तर फार लाजिरवाणे होते. अकरांपैकी नऊ गोष्टी विक्री विभागाने मागितल्या होत्या, डेव्हलपरांनी त्या बांधल्या होत्या आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून निरोप पोहोचवत होते. दहावी गोष्ट प्रतिस्पर्ध्याकडे पाहून केलेली होती, आणि अकरावी कोणी वापरतच नव्हते.

ही गोष्ट 2019 मधली. पुण्यातल्या एका कंपनीत मी यूपीआय पेमेंटच्या ॲपचे काम पाहत होते आणि प्रॉडक्ट मॅनेजर होऊन मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्याआधीची चार वर्षे टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात, गेली होती, आणि टेस्टिंगमधून आलेल्या माणसाला संध्याकाळी किती बग सापडले हे मोजून घरी जाण्याची सवय असते. ती सवय या कामात फार काळ साथ देत नाही. येथे जसजसे वर जावे तसतसे बोट ठेवून दाखवता येईल असे काम कमी होत जाते. पहिल्या एक-दोन वर्षांत स्क्रीन दाखवता येते, त्यानंतर एखादा आकडा दाखवता येतो, आणि पुढे तर दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय एवढेच हाती उरते, ज्यांवर आपले नाव नसते. या पेशात अडकून पडलेली जी हुशार माणसे मी पाहिली, त्यांतली बहुतेक अभ्यासात किंवा मेहनतीत कमी नव्हती. एका पायरीवर मिळालेला पुरावा पुढच्या पायरीवरही तसाच मिळत राहील, अशी त्यांची अपेक्षा होती. मीही त्यांतलीच होते.

या पेशाचा उगम सांगताना ज्या मजकुराचा हमखास उल्लेख होतो, तो मी बढती हुकल्यानंतरच नीट वाचला. 13 मे 1931 रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय या 26 वर्षांच्या तरुणाने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम होते आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमे झाकोळला जात होता. प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे असावीत, अशी त्याची मागणी होती. कंपनीत टिपण एका पानाचे असावे असा दंडक असताना त्याने तीन पाने लिहिली, हे सगळेच चवीने सांगतात. मला मात्र त्यातली कामाची यादी महत्त्वाची वाटली. माल कोठे जास्त खपतो आणि कोठे कमी हे आधी अभ्यासावे, जेथे कमी खपतो तेथे स्वतः जाऊन दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलावे, मग योजना आखावी, आणि ती शेवटपर्यंत नीट राबवली जाते आहे ना, हे पाहावे. अधिकार मिळाल्यावर हे करावे, असे त्यात कोठेही नाही. पुढे हा गृहस्थ त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि 1957 ते 1959 या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही होता. आमच्या व्यवसायातल्या बढतीचे एवढे मोठे उदाहरण दुसरे माझ्या माहितीत नाही.

मी मात्र दीड वर्षात एकाही दुकानात पाय ठेवला नव्हता. आमच्या तक्रारींच्या यादीत पैसे अडकल्याच्या तक्रारी सगळ्यात वर होत्या, आणि त्यावर बसल्या जागी मी तीन वेळा स्क्रीन बदलून घेतली होती. नोव्हेंबरात मी मंचरला गेले, ओळखीतून एका किराणा दुकानात गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसण्याची परवानगी मिळवली आणि तीन दिवस बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाने तेलाचा डबा घेतला, कोड स्कॅन केला, आणि त्याच्या फोनवर आमचेच ॲप म्हणाले, "व्यवहार प्रलंबित आहे." दुकानदारकाकांनी फोनमध्ये डोकावून मला विचारले, "मॅडम, प्रलंबित म्हणजे पैसे आले का राहिले?"

याचे खरे उत्तर कोणापाशीच नसते, आणि ते का नसते हे सांगायला हवे. यूपीआयने केलेला व्यवहार ॲपमधून त्या ॲपशी जोडलेल्या बँकेकडे, तेथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे, मग पैसे देणाऱ्याच्या बँकेकडे आणि शेवटी घेणाऱ्याच्या बँकेकडे असा जातो. पैसे एका बाजूने कापले गेले आणि दुसऱ्या बाजूची पावती वेळेत परत आली नाही, की मधल्या सगळ्यांनाच थांबावे लागते. ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या हातात त्या क्षणी एक वाक्य दाखवण्यापलीकडे काहीही नसते, आणि तेच वाक्य आम्ही शासकीय परिपत्रकातून उचलल्यासारखे लिहून ठेवले होते. "पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत, दुकानदाराला पोहोचल्याची पावती अजून आलेली नाही" असे लिहायला आम्हाला कोणी अडवले नव्हते.

परंतु मला खरी गोष्ट सापडली ती त्यानंतर. गिऱ्हाईक ओळखीचे होते, म्हणून काकांनी डबा दिला आणि उधारीच्या वहीत पेन्सिलीने त्याचे नाव लिहिले. पेन्सिलीने का, असे मी विचारले. ते म्हणाले, "आले तर खोडायचं, नाही आले तर शाईनं लिहायचं. पण नाही आले हे मला कळणार कसं? पैसे परत गेले की गिऱ्हाईक कशाला सांगतंय?" वहीत पेन्सिलीने लिहिलेली अशी बरीच नावे होती. अडकलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेले की आमच्या लेखी तक्रार मिटत असे, तिच्यापुढे हिरवी खूण होत असे आणि आमचा आकडा सुधारत असे. दुकानदाराच्या लेखी मात्र त्याच क्षणी ती उधारी होत असे. आणि गिऱ्हाईक लबाड असते असेही नाही. चार दिवसांनी खात्यात आलेली ती रक्कम कशाची, हे त्याला समजावे असा एक शब्दही आम्ही पाठवत नव्हतो.

परत आल्यावर मी दोन गोष्टींचा प्रस्ताव लिहिला. पैसे परत आल्याचा संदेश पाठवताना त्यात दुकानाचे नाव असावे, दुकानदाराला पैसे मिळालेले नाहीत हे स्पष्ट लिहावे आणि खाली पुन्हा पैसे देण्याचे बटण असावे, ही पहिली. दुसरी तारखेची होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या होत्या आणि त्या 15 ऑक्टोबरपासून लागू झाल्या होत्या. एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम पोहोचली नाही तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी, दुकानदाराला दिलेल्या रकमेची पावती मिळाली नाही तर व्यवहारानंतर 5 दिवसांत परत यावी, आणि उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळावी, असा तो नियम आहे. आम्ही मात्र "थोडा वेळ वाट पाहावी" असे लिहीत होतो. मुदत मोजता येते, तर तारीख छापावी, असे माझे म्हणणे होते.

पहिल्या प्रस्तावाला विरोध झाला नाही, कारण त्यात कोणालाच रस नव्हता. त्यातून कंपनीला एक रुपयाही मिळणार नव्हता. दुसऱ्याला विधी विभागाने ठाम नकार दिला. पैसे परत करणार बँक, मग तारखेचे वचन आम्ही का द्यावे, हा त्यांचा आक्षेप बिनतोड होता. पूर्वीची मी असते तर वरिष्ठांकडे प्रकरण नेले असते, आणि आमच्याकडे त्याला एस्कलेशन असे भारदस्त नाव आहे. या वेळी मी विधी विभागातल्या सहकारी बाईंना ग्राहक सेवेच्या खोलीत अर्धा दिवस शेजारी बसून फोन ऐकण्याची विनंती केली, आणि त्या आल्या, हा त्यांचा मोठेपणा. एकच माणूस एकाच व्यवहारासाठी तिसऱ्यांदा फोन करतो आहे आणि तिन्ही वेळा त्याला वेगवेगळे उत्तर मिळते आहे, हे त्यांनी ऐकले. संध्याकाळी त्यांनीच वाक्य सुचवले: "रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही रक्कम अमुक तारखेपर्यंत परत येणे अपेक्षित आहे." त्यात वचन नव्हते, आणि तारीख होती. तेच वाक्य आजही ॲपमध्ये आहे आणि त्यातला एकही शब्द माझा नाही.

आमच्या पेशाविषयी बोलताना अधिकाराविना प्रभाव पाडणे असे काहीसे जडजंबाल बोलले जाते. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ पुष्कळ साधा आहे. डेव्हलपर माझ्या हाताखाली नाहीत, विधी विभाग नाही, बँका तर नाहीतच. या सगळ्यांना पटण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे असू शकते, ती म्हणजे त्यांनी न पाहिलेले आणि मी पाहिलेले काहीतरी. ते नसेल तर बैठकीतले माझे मत हे तेथल्या दहा मतांपैकी एक असते, आणि बहुधा सर्वांत कमी माहितीवर आधारलेले.

मोजमापाचे मात्र मी थोडे हट्टाने केले. किती तक्रारी मिटल्या हा आकडा बाजूला ठेवून एकाच व्यवहारासाठी पुन्हा फोन करणारे किती, हा आकडा मी दर सोमवारी लिहू लागले. तो सुरुवातीला वाईट दिसला आणि त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली, पण काही आठवड्यांत तो उतरू लागला. पुढच्या वर्षीच्या अर्जात अकरा ओळींऐवजी दीड परिच्छेद होता, आणि बढती मिळाली. प्राधान्यक्रम ठरवण्याच्या ज्या सूत्रांसाठी आणि प्रमाणपत्रांसाठी मी मधल्या काळात बरेच पैसे खर्च केले होते, त्यांचा या सगळ्यात किती वाटा होता असे मला विचारतात, म्हणून सांगते: शब्दसंग्रह मिळाला, मुलाखतीत उपयोग झाला. बंगळूरला गेल्याशिवाय या क्षेत्रात पुढे जाता येत नाही हेही तेव्हा सतत ऐकू येई. पगार तेथे चढा मिळतो हे खरे आहे, बाकीचे मला पटलेले नाही.

यानंतरची पायरी मला जास्त जड गेली. माझ्या हाताखाली तीन प्रॉडक्ट मॅनेजर आले आणि पहिले सहा महिने मी त्या तिघांची टिपणे रात्री बसून पुन्हा लिहीत असे. टिपणे चांगली होत, आणि ती मुले दिवसेंदिवस मुकी होत गेली. एकाने तर कच्चा मसुदाच पाठवायला सुरुवात केली, कारण शेवटी ताईच लिहिणार हे त्याला कळले होते. त्यानंतर मी वाक्ये दुरुस्त करणे थांबवले आणि समासात फक्त प्रश्न लिहू लागले. एकदा मला साफ अमान्य असलेला निर्णय, उलटवणे सोपे आहे एवढे पाहून, मी तसाच जाऊ दिला. तो अर्धा चुकला, अर्धा बरोबर निघाला, आणि बरोबर निघालेली बाजू मला स्वतःला कधीच सुचली नसती. दिवसभर बैठका, रात्री समासातले प्रश्न, आणि संध्याकाळी नवऱ्याने "आज काय केलंस?" असे विचारले की सांगण्यासारखे काही नाही, अशी ती दोन वर्षे होती. टेस्टिंगमधले दिवस तेव्हा फार आठवत.

अलीकडे कच्च्या टिपणाचा मसुदा यंत्राकडून करून घेता येतो आणि नमुन्याची स्क्रीन दुपारभरात उभी राहते. त्यामुळे नव्या मुलामुलींजवळ दाखवण्यासारखे फार लवकर साचते, आणि मुलाखतीत तेच पुढे ठेवले जाते. मी मुलाखत घेते तेव्हा बंद केलेली किंवा करू न दिलेली एखादी गोष्ट सांगायला लावते. तीत कोण नाराज झाले, त्या माणसाशी नंतर कसे संबंध राहिले आणि तो निर्णय चुकला असता तर ते कशावरून कळले असते, एवढे विचारले की तासाभराची मुलाखत पुरते.

माझ्या संघातल्या एका मुलीच्या बढतीचे शिफारसपत्र सध्या माझ्या टेबलावर आहे. गेल्या पावसाळ्यात तिने दुकानदारांसाठीची एक मोठी योजना, निम्मे काम झालेले असताना, थांबवायला लावली. त्यासाठी ती नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पहाटे जाऊन आडत्यांशी बोलून आली होती, आणि रोजची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडेपर्यंत फोनला कोणी हात लावत नाही, हे तिने सर्वांसमोर सांगितले. योजना थांबल्यामुळे त्या काळात तिच्या नावावर एकही नवी स्क्रीन नाही. शिफारसपत्राच्या नमुन्यात पहिलाच रकाना "या वर्षात बाजारात आणलेल्या सोयी" असा आहे. तो मी रिकामा ठेवला आहे आणि खालच्या रकान्यात मंडईतल्या त्या सकाळविषयी लिहिते आहे. मनुष्यबळ विभागाने पहिला रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही असे कळवले आहे. त्यांच्याशी उद्या बोलायचे आहे.