तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "कोल्हापूरची हद्दवाढ, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घेणं, हवी की नको?" हे शहरात राजारामपुरीत राहणाऱ्या नणंदेपासून आमच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारून झालंय.

शहरातले म्हणतात, केएमटीच्या बसनं फिरता, सीपीआर दवाखान्यात येता, मग महापालिकेत यायला काय होतंय? गावातले म्हणतात, घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षणं पडतील. मला दोघांचंही पटतं, म्हणून दोघंही चिडतात. 1972 साली महापालिका झाली, पण हद्द नगरपालिकेच्या वेळचीच राहिली. 2017 मध्ये तोडगा म्हणून 42 गावांचं विकास प्राधिकरण निघालं. तरी पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी कुठंही विषय काढा, आवाज चढतोच.

मला छळतं ते वेगळंच. आमच्या गावात हद्दवाढविरोधी ठरावाची ग्रामसभा होती. गावाचं नाव लिहीत नाही. मंडपात पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका कडेला सतरंजीवर. मी हात वर केला. ठरावाला विरोध नव्हता माझा. आमच्या कॉलनीचं सांडपाणी खालच्या उसात शिरतं. ऊसवाला आम्हाला शिव्या घालतो, आम्ही पंचायतीला. गाव गावच ठेवायचं तर गटार कधी करणार, तेही ठरावात लिहा, एवढंच म्हणायचं होतं. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून आवाज आला, "मॅडम, मूळ गाव कुठलं तुमचं?"

"गडहिंग्लज."

"मग तिकडं बोला की!"

मंडप हसला. माइक पुढं गेला, ठराव आवाजी मंजूर. शेजारच्या थोरल्या काकूंनी पदर ओढून मला खाली बसवलं, तेही मायेनं. ते जास्त लागलं.

अहो, मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. कायदा मूळ गाव विचारत नाही. मी घरफाळा भरते, पोरं इथंच वाढली.

त्या रात्री मी म्हटलं होतं, होऊ दे एकदाची हद्दवाढ, मोडू दे यांची मिजास. त्या रात्रीच्या त्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, मी अजून भांडते. महापालिकेच्या सभागृहात नगरसेवक बोलणार, मी नाही. इथं निदान उभं तरी राहता येतं. "राहून काय मिळालं?" ती विचारते. मला उत्तर येत नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गटारीचा लेखी अर्ज देणार आहे, पोच घेऊनच उठेन. ठराव परत आला तर हात वर करायचा की नाही, ठरलेलं नाही. ऊसवाल्यालाही म्हटलंय, सोबत चला. बघू म्हणालाय.