बाभळीचं दांडकं

परवा भर दुपारी शेतातल्या आखाड्यावर ट्रॅक्टर चालू झाला, पण गिअर पडेना. क्लच तळापर्यंत दाबला तरी आतून नुसतं कर्रर्र. तीन पावसाळे पत्र्याखाली उभाच होता. शेजाऱ्याची बॅटरी लावून, डिझेलमधली हवा काढून इंजिन लागलं, तेव्हा मी उत्साहात निम्म्या भावकीला फोनही करून बसलो होतो.

जिंतूरहून मिस्त्रीचाचा आले. ट्रॅक्टरला हातही न लावता म्हणाले, "क्लचची प्लेट धरली. दांडकं लावलं नव्हतं काय? अण्णा तर दरसाल लावायचे."

दांडकं! पेरणी उरकली की अण्णा क्लच दाबून ठेवायचे आणि पेडल वर येऊ नये म्हणून बाभळीचं एक दांडकं अडकवायचे. ते निघायचं थेट पोळ्यानंतर. एकदा ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळताना मी ते तलवार म्हणून उपसलं आणि जन्मभर लक्षात राहील असा फटका खाल्ला. चोरानं ट्रॅक्टर पळवू नये म्हणूनच ते असणार, अशी माझी खात्री होती. चोराला दांडकं काढता येत नाही का, हा प्रश्न काही पडला नाही.

आता कळलं, ते चोरासाठी नव्हतं, दमटीसाठी होतं. पेडल वर राहिलं की स्प्रिंगा प्लेटीला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरतात, मध्ये गंज धरतो आणि दोन्ही चिकटतात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात याच ट्रॅक्टरनं नांगर कमी आणि टँकर जास्त ओढले. प्यायला पाणी नाही अशा मुलखात लोखंड गंजण्यापुरतं मात्र पुरतं.

"ट्रॅक्टर मधून फोडून प्लेट सोडवायची म्हणलं तर खर्च आहे. आधी रानात पळवून बघू," चाचा म्हणाले. अर्धा तास इंजिन तापवून बंद केलं. दोन्ही ब्रेकची कडी जोडली, टॉप गिअर टाकला आणि क्लच दाबूनच स्टार्टर मारला. ट्रॅक्टर बुजलेल्या बैलासारखा उसळला. मोकळ्या रानात रेस, ब्रेक, पुन्हा रेस. मी बांधावर जीव मुठीत धरून. तिसऱ्या फेरीला आतून खट् झालं आणि ट्रॅक्टर जागीच थांबला. इंजिन मात्र चालूच! प्लेट सुटली होती. चाचांनी खाली न उतरताच बिडी पेटवली.

गेल्या दिवाळीत टूलबॉक्स साफ करताना ते दांडकं मीच चुलीत घातलं होतं. चहा झकास झाला होता.

संध्याकाळी बांधावरची बाभूळ तोडली. लांबी किती ठेवू म्हणून विचारलं, तर चाचा म्हणाले, हातभर पुरे. अण्णांचं थोडं लांब होतं, असं मला वाटतं. का मीच तेव्हा लहान होतो, कोण जाणे.