शिल्लक कामाचा रकाना

फेब्रुवारी लागला की आमच्या धंद्यात कुणाला जेवायची शुद्ध नसते. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून सगळी खाती एकदम निविदा काढतात, आणि पुण्यातल्या आमच्यासारख्या मधल्या फळीतल्या ठेकेदाराकडे त्या भरायला एकच माणूस असतं, म्हणजे मी. शिकले सिव्हिल, पण साइटवर क्वचितच जाते. माझा दिवस जातो महाटेंडर्सवर, राज्य सरकारच्या निविदा पोर्टलवर: डिजिटल सही, बयाणा रक्कम, सीएचा दाखला, आणि ऐन वेळी न चढणारी पीडीएफ.

त्या संध्याकाळी पोर्टलचा मेल आला. वसतिगृहाच्या इमारतीचं काम होतं, अंदाजपत्रकीय किंमत 13 कोटी 40 लाख, मुदत 18 महिने. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे पात्रतेच्या तपासणीतच, आम्ही अपात्र. कारण एका ओळीत: निविदा क्षमता अपुरी. आर्थिक लिफाफा, म्हणजे सगळ्यांचे दर, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला उघडणार.

शेठना फोन लावला. "कुणाला द्यायचं ते आधीच ठरलंय गं. सोडून दे."

हे वाक्य आमच्याकडे रोज कुणी ना कुणी म्हणतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण तेवढं म्हणून गप्प बसलं की समोरच्याची साधी चूकसुद्धा पचून जाते. मी मूल्यमापनाचा तक्ता उतरवून घेतला. स्कॅन तिरका होता, आकडे तेवढे वाचता येत होते.

क्षमतेचं सूत्र निविदा भरणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं: ए गुणिले एन गुणिले 2, वजा बी. ए म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या ज्या एका वर्षात सर्वांत जास्त काम केलं त्याची रक्कम, आजच्या भावाला आणलेली. एन म्हणजे मुदत, वर्षांत. बी म्हणजे हातातल्या कामांपैकी त्या मुदतीत जे पुरं करायचं उरलंय ते. गुणक खात्यागणिक बदलतो. ठेकेदाराने झेपेल तेवढंच उचलावं हा त्यामागचा हेतू, आणि तो मला मनापासून पटतो.

आमचं सर्वांत मोठं वर्ष 9 कोटींचं, दोन वर्षांपूर्वीचं. दर वर्षी 10 टक्के धरून झाले 10.89. दीड वर्ष आणि 2 ने गुणून 32.67. इथवर तक्ता बरोबर होता. बी मात्र त्यांनी 23.80 धरला होता, म्हणजे क्षमता उरली 8.87 कोटी, कामाच्या 13.40 पेक्षा कमी. हा 23.80 आला कुठून? चालू असलेल्या दोन कामांच्या मूळ निविदा किमती 14.20 आणि 9.60. त्यांची बेरीज! झालेल्या कामाची बिलं निघून गेली होती आणि शिल्लक होतं 12.40 कोटींचं, तेही संबंधित कार्यकारी अभियंत्यांच्या दाखल्यासकट जोडलेलं. खरी क्षमता 20.27 कोटी.

रात्रीच वकीलताईंना गाठलं. त्या उच्च न्यायालयात निविदांचीच प्रकरणं चालवतात. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, या उद्या सकाळी फोर्टात, स्थगिती घेऊ. त्यांनी आधी थंड पाणीच ओतलं. टाटा सेल्युलरच्या 1994 च्या निकालापासून कोर्ट निर्णय कसा घेतला तेवढं तपासतं, स्वतः निविदा तपासायला बसत नाही. 2016 च्या ॲफकॉन्सच्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. आणि पायाभूत सुविधांची कामं असली की स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर मनाई हुकूम मिळणं आणखी अवघड.

"मग?"

"अर्थ लावायला वावच ठेवू नका. पक्षपात, संगनमत, यातला एक शब्दही लिहायचा नाही. त्यांचंच कलम, त्यांचाच तक्ता, त्यांचीच बेरीज. आणि दर उघडायच्या आत पोचलं पाहिजे. एकदा दर दिसले की मागे फिरायला कुणी धजत नाही."

(अमेरिकेत केंद्र सरकारच्या कंत्राटांबद्दल अशी हरकत त्यांच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे नेता येते. तिथे 100 दिवसांत निकाल लागतो आणि वेळेत गेलात तर तोवर काम देणं सहसा थांबतं. आपल्याकडे ज्याने अपात्र केलं त्याच्याच दारात जायचं.)

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी दारात हजर. पत्र दीड पानाचं, सोबत दाखले. आवक-जावकच्या बाई शिक्का मारेनात. "आधी साहेबांची सही आणा." साहेब मीटिंगला. मी तिथेच उभी राहून तेच पत्र मेल केलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मॅडम, हे आता पोचलंय. शिक्का दिलात तर तुमच्याही रजिस्टरला दिसेल." शिक्का पडला.

तक्ता केला होता एका तरुण शाखा अभियंत्याने. त्याचा चेहराच सांगत होता की आदल्या रात्री तोही झोपलेला नाही.

"सूत्र बरोबर आहे मॅडम, आमच्याकडे हेच वापरतात."

"सूत्र बरोबरच आहे सर. बीच्या सेलवर एकदा क्लिक करा."

त्याने केलं. वरच्या पट्टीत ई रकान्याची बेरीज दिसली. ई म्हणजे निविदा किंमत. शिल्लक काम होतं जी मध्ये. मागच्या निविदेच्या एक्सेल फाइलमधली बेरीज त्याने तशीच ठेवली होती. त्या जुन्या नमुन्यात झालेलं काम आणि शिल्लक काम हे वेगळे रकाने नव्हतेच. काही न बोलता त्याने खालच्या ओळीवर क्लिक केलं. मग त्याच्या खालच्या. तिथेही ई.

"हे तर सगळ्यांनाच लागलंय," तो म्हणाला.

मी आमच्यापुरतं बघत होते. आणखी एक ठेकेदार याच कारणाने बाद झाला होता आणि त्याने चकार शब्द काढला नव्हता.

कार्यकारी अभियंता दुपारी आले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "आता तुम्हाला आत घेतलं तर बाकीचे म्हणतील, दबावाखाली घेतलं." त्यांची भीती खोटी नव्हती, चौकशी लागली तर सही त्यांचीच असते. मी म्हटलं, "फक्त आम्हाला घेऊच नका सर. सगळ्यांचा बी पुन्हा काढा, समितीपुढे ठेवा आणि सुधारित तक्ता पोर्टलवर टाका. मग बोलायला कुणाला जागा राहणार नाही."

अडीचच्या सुमारास पोर्टलवर सूचना आली: आर्थिक लिफाफा उघडणे पुढे ढकलण्यात येत आहे. शेठना स्क्रीनशॉट पाठवला. उलट फक्त अंगठा आला.

पुढच्या आठवड्यात सुधारित तक्ता लागला. आम्ही पात्र, तो गप्प बसलेला ठेकेदारही पात्र. लिफाफे उघडले. तो अंदाजपत्रकापेक्षा 16 टक्के कमी दराने पहिला, आम्ही 9 टक्के कमी दराने तिसरे. 16 टक्के कमीत ते वसतिगृह कसं उभं राहणार हे तोच जाणे. पण नियमाने काम त्याचं.

"त्याची वकिली फुकटात केलीस," शेठ म्हणाले. मग जरा थांबून, "बयाणा परत आला की सांग, हडपसरच्या कामाला लागेल."

दोन दिवसांनी त्या ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन. मला वाटलं, आभार मानतायत. "मॅडम, ते पत्र वर्डमध्ये मिळेल का? सांगलीकडे एका निविदेत आमचं सेम झालंय."

आमचं लेटरहेड आणि आकडे काढून पाठवून दिलं.