डायल, घंटी आणि ४ बीएचा स्क्रू: कोल्हापुरातला एक रविवार

जुन्या डायलच्या फोनचे सुटे भाग शोधायला सकाळी कोल्हापूरच्या बसस्थानकावर उतरलो आणि थेट लक्ष्मीपुरीचा बाजार गाठला. पोतं अंथरून जुनी कुलपं, पाने, स्टोव्हचे बर्नर मांडून बसलेल्या एकाकडे काळा बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लास्टिकचा) फोन दिसला. सुटे भाग देणार का, विचारलं. "आख्खा न्या की पाव्हणं, सुट्टं घिऊन काय करतायसा?"

त्याचं म्हणणं खरं आहे. चालू होण्याजोगा फोन भागांसाठी कधीही मोडू नये. पण या फोनचं कवच कोपऱ्यापासून पाळण्यापर्यंत (रिसीव्हर ठेवायच्या जागेपर्यंत) तडकलं होतं. बेकेलाइट एकदा घट्ट झालं की तापवून पुन्हा वितळत नाही, त्यामुळे असा तडा चिकटवता येतो, पण मिटत नाही. अशा फोनचेच भाग घ्यावेत.

कवचं आणि रिसीव्हरच्या मुठी अजून बऱ्याच मिळतात. मिळत नाहीत त्या बारीक गोष्टी: डायलचा बोटअडकवा (फिरवताना बोट जिथे अडतं ती पट्टी), मधल्या नंबरच्या चिठ्ठीवरची पारदर्शक चकती आणि तिची कडी, तळातला चिठ्ठ्यांचा खण, घंटीच्या दोन वाट्यांची मूळ जोडी. या वाट्यांचे सूर मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, म्हणून वेगवेगळ्या फोनच्या वाट्या एकत्र केल्या तर आवाज बेसूर येतो. वाटीचं भोक नेमकं मध्यावर नसतं. त्यामुळे वाटी फिरवली की टोला (वाटीवर आपटणारा गोळा) आणि वाटी यांतलं अंतर कमी-जास्त होतं. घंटी मंद वाजते म्हणून टोल्याची दांडी वाकवलेले फोन पाहिले की जीव हळहळतो. स्क्रू सैल करून वाटी जराशी फिरवली असती तरी भागलं असतं.

डायल तिथेच तपासला. शून्य फिरवून सोडायचा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. सेकंदाला १० टिकटिक हा मूळ वेग. ९ ते ११ चालतं. वेग सांभाळतो तो गव्हर्नर. फिरताना त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि डबीच्या आतल्या भिंतीला घासतात. त्या घर्षणावर वेग ठरतो. म्हणूनच शिलाई मशीनचं तेल ओतलेला डायल पळत सुटतो, कारण डबीत तेल गेलं की घर्षणच उरत नाही. डबी स्पिरिटने पुसून कोरडी करायची आणि घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने फक्त आसाच्या टोकांना लावायचं. डायल रेंगाळत असेल तर बहुतेक वेळा वर्मवरचं (गव्हर्नर फिरवणाऱ्या मळसूत्री दांड्यावरचं) ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. संपर्कांच्या पट्ट्यांना पॉलिश पेपर लावू नये. स्पिरिटमध्ये भिजवलेली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी दोनदा ओढली की पुरे.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या सखल भागात शिरलं होतं. पुरात भिजलेला फोन वरून स्वच्छ दिसतो, पण घंटीच्या वाटीच्या आत गाळाची बारीक रेघ राहते. तशी रेघ दिसली तर घंटीच्या तारेच्या वेटोळ्यांना मीटर लावा. जुन्या बेकेलाइट फोनची दोन्ही वेटोळी मिळून साधारण १००० ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार गंजून तुटलेली असते. बोलायच्या बाजूची कार्बनची डबी मात्र ओल लागलेली असेल तर सोडून द्यावी. आतले कार्बनचे दाणे एकमेकांना धरून बसतात. हलवल्यावर बारीक खसखस ऐकू यायला हवी.

दुपारी स्क्रू करून घ्यायला रिक्षाने उद्यमनगर, लेथच्या कारखान्यांचा भाग. (सुट्टीचा वार आधी विचारून जा.) फोन बनवणारी बंगळुरूची आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) १९४८ साली सुरू झाली आणि तिचे सुरुवातीचे फोन ब्रिटिश धर्तीचे, त्यामुळे त्यांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे स्क्रू. ४ बीए म्हणजे व्यास ३.६ मिमी, पिच (दोन आट्यांतलं अंतर) ०.६६, ६ बीए म्हणजे २.८ आणि ०.५३. साडेतीन मिमीचा मेट्रिक स्क्रू दोन आटे सहज जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की पितळी भोकातले आटे गेले. लेथवाल्याला नमुन्याचा एक जुना स्क्रू द्यावा, नुसतं माप सांगू नये. आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा असतो, मेट्रिकसारखा साठ नाही. डझनभर पितळी स्क्रू एकदम करून घेतले.

फोनच्या कापडी दोरीला (रिसीव्हरच्या वायरला) तिथे कुणी हात लावला नाही, ते बरंच झालं. तिच्या आतली तार म्हणजे सुतावर गुंडाळलेली तांब्याची पातळ फीत, जरीच्या कलाबतूसारखी. डाग देताना सूत जळतं आणि फीत सुटते. म्हणून दोरी टोकाच्या धातूच्या टिकल्यांसकट काढावी, कधीही कापून घेऊ नये.

परतीच्या एसटीत वाट्या काढून वेगळ्या कागदात, डायल बोटअडकवा वर ठेवून कापडात, आणि कार्बनची डबी सिलिका जेलची पुडी टाकलेल्या स्टीलच्या डब्यात. खण मात्र मांडीवरच ठेवला होता.