टाळ्या कुठे कापायच्या? लाइव्ह अल्बम संग्रहात लावताना

लाइव्ह अल्बम, म्हणजे श्रोत्यांसमोरच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं, कॉम्प्युटरवर उतरवताना बाकीच्या संग्रहासारखे लावता येत नाहीत. स्टुडिओ अल्बमात दोन गाण्यांच्या मध्ये शांतता असते, त्यामुळे कापाकापी केली तरी कळत नाही. लाइव्हमध्ये त्या जागी टाळ्या असतात, आणि टाळ्यांमधली पंचवीस मिलिसेकंदांची फटसुद्धा कानाला टोचते. मी हे काम दोनदा केलं. पहिल्यांदा एमपीथ्रीत आणि मग सगळंच पुन्हा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये.

फट येते ती एमपीथ्रीच्या घडणीमुळे. हा फॉरमॅट आवाज 1152 सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) चौकटींत भरतो. गाण्याची शेवटची चौकट अर्धी राहिली की ती शांततेनं भरून काढली जाते. सुरुवातीलाही एनकोडर (फाइल बनवणारा) आणि डीकोडर (ती उलगडून वाजवणारा) मिळून हजारेक सॅम्पल पदरचे घालतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर एका टोकालाच वीस-पंचवीस मिलिसेकंदांचं भोक पडतं. दोन फाइली जोडून वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून बघा. टाळ्यांचा दाट काटेरी पट्टा, मध्येच एक सपाट रेघ, आणि पुन्हा काटे. लेम नावाचा एमपीथ्री एनकोडर ही भर किती घातली ते फाइलीच्या सुरुवातीला नोंदवून ठेवतो, पण प्लेअरनं ती नोंद वाचली तरच उपयोग. फ्लॅकमध्ये सॅम्पलची नेमकी संख्या फाइलीतच असते, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. तरीही प्लेअरमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद आहे ना, हे एकदा तपासा. ते चालू असेल तर गायकाचे पहिले दोन शब्द मागच्या टाळ्यांत बुडतात.

पुन्हा सीडी लिहायची असेल तर आणखी एक सापळा आहे. सीडीवर एका सेकंदात 75 सेक्टर, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, असतात आणि एका सेक्टरमध्ये 588 सॅम्पल. एलपीवरून उतरवलेल्या कार्यक्रमाचे ट्रॅक पाडताना 588 च्या पटीतच कापायचं. नाहीतर उरलेला सेक्टर शून्यांनी भरला जातो आणि टाळ्यांत बारीक टिक ऐकू येते. बहुतेक एडिटरमध्ये मोजमाप ‘सीडी फ्रेम’वर (म्हणजे याच सेक्टरवर) ठेवण्याची सोय असते, ती वापरा. लिहिताना डिस्क-ॲट-वन्स, म्हणजे अख्खी डिस्क एका दमात, निवडायचं. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये प्रत्येक गाण्याआधी दोन सेकंदांची शांतता येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता बोलण्याचं काय करायचं? बऱ्याच सीड्यांमध्ये गाण्याआधीची ओळख किंवा गंमतजंमत ट्रॅकच्या आधीच्या भागात, म्हणजे इंडेक्स 00 मध्ये टाकलेली असते. साध्या सीडी प्लेअरवर तिथे आकडे उलटे मोजले जातात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवणारं सॉफ्टवेअर हा भाग आपणहून मागच्या ट्रॅकच्या शेपटीला जोडतं. म्हणजे पाचव्या गाण्याची ओळख चौथ्याच्या शेवटी. सलग ऐकताना फरक पडत नाही, पण एकटं चौथं गाणं लावलं की शेवटी भलत्याच गाण्याची घोषणा होते. मी ते तसंच ठेवतो आणि सोबत क्यू शीट, म्हणजे ट्रॅक कुठे सुरू होतात ते सांगणारी छोटी फाइल, जपतो. तिच्यात मूळ खुणा असतात, हवं तेव्हा परत वेगळं करता येतं.

बोलणं कापून टाकायला मात्र माझा विरोध आहे. 1971 च्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’मध्ये वाद्यं लावून झाल्यावर श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि जुळवणीच एवढी आवडली तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं रविशंकर बोलून गेले. ते दीड-दोन मिनिटं काढलीत तर उरतं ते फक्त चांगलं वादन.

आवाजाची पातळी सारखी करायला रिप्लेगेन वापरत असाल तर अल्बम गेनच, म्हणजे अख्ख्या अल्बमाला एकच बदल. ट्रॅक गेन (प्रत्येक गाण्याला वेगळा बदल) ठेवला की संथ गाणं, समजा, 1 डेसिबलनं उतरतं आणि पुढचं दणदणीत गाणं 7 नं. दोन्हींच्या मधल्या त्याच टाळ्या एका क्षणात 6 डेसिबल खाली कोसळतात. कुणीतरी सभागृहाचं दार लावल्यासारखं वाटतं.

एलपीवरून उतरवताना सर्वांत जास्त नुकसान खरखर काढणाऱ्या फिल्टरनं होतं. टाळी म्हणजे क्षणभराचा टोकदार आवाज, आणि ओरखड्याची टिकही तशीच. फिल्टरला दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे तो टाळ्या बोथट करतो आणि पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा काहीतरी आवाज उरतो. मी गाण्याच्या भागावर हलका फिल्टर देतो. टाळ्यांच्या भागातली मोठी टिक हातानं काढतो, बाकीची सोडतो. द हू या रॉक बँडच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’च्या 1970 च्या तबकडीच्या लेबलवर तर चरचर ठीक आहे, दुरुस्त करू नका, असं चक्क लिहिलेलं होतं. ती मूळ टेपमधलीच होती!

जुने दोन तबकड्यांचे संच उतरवताना बाजूंचे आकडेही बघा. तबकड्या आपोआप बदलणाऱ्या रेकॉर्ड चेंजरच्या सोयीसाठी काही संचांत एका तबकडीवर पहिली आणि चौथी बाजू असते, दुसरीवर दुसरी आणि तिसरी.

एकाच कार्यक्रमाच्या तीन-तीन आवृत्त्या निघालेल्या असतात, त्यातली कुठली ठेवायची? जास्त गाणी म्हणजे चांगली, हा हिशोब मला पटत नाही. ‘लाइव्ह ॲट लीड्स’ मुळात सहा गाण्यांचा, 1995 मध्ये चौदा गाण्यांचा झाला. 2001 च्या आवृत्तीत ‘टॉमी’ हे बँडचं रॉक ऑपेराही आलं, पण त्या रात्री मधोमध वाजलेलं ते वेगळ्या डिस्कवर गेलं. मी 1995 ची ठेवली. ड्यूक एलिंग्टनच्या 1956 च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या कार्यक्रमाची गोष्ट उलटी. तिथे त्याचा सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हेस चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला, त्यामुळे त्याची 27 आवर्तनं मूळ अल्बमात लांबून ऐकू येतात. शिवाय अल्बमातला बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून त्यावर टाळ्या चढवलेल्या. 1999 च्या आवृत्तीत व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओची टेप रेकॉर्ड कंपनीच्या टेपशी जुळवून खरा कार्यक्रम बाहेर आला. इथे नवीच ठेवायची, जुनी फार तर तुलनेसाठी.

टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या माहितीत, वर्षाच्या रकान्यात प्रकाशनाचं वर्ष आणि फोल्डरच्या नावात ध्वनिमुद्रणाची तारीख, असं मी ठरवून टाकलंय. गायक जेम्स ब्राउनचा न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम 24 ऑक्टोबर 1962 चा, अल्बम 1963 चा. दोन्ही आकडे एकाच रकान्यात कोंबले की क्रमवारी बिघडते. अनेक रात्रींमधून वेचलेला अल्बम असेल तर तारखा प्रत्येक ट्रॅकच्या टिपणात जातात.

पियानोवादक कीथ जॅरेटच्या जर्मनीतल्या कोल्नच्या 1975 च्या वादनात ‘दोन अ’ आणि ‘दोन ब’ हे वेगळे ट्रॅक आहेत ते केवळ एलपीची बाजू संपत होती म्हणून. वाजवताना ते एकच होतं. अशा जागी मी फाइली वेगळ्याच ठेवतो आणि शफलमधून तो अख्खा फोल्डर वगळतो.