लाल लघवी आणि काचपट्टीवरचा एक थेंब

आज आलेल्या पहिल्याच नमुन्याने प्रयोगशाळेतली अर्धी सकाळ खाल्ली. नुकतीच व्यालेली गाय, लघवी कॉफीच्या रंगाची, आणि सोबतच्या चिठ्ठीत ताप आहे की नाही याचा उल्लेखच नाही (चिठ्ठी नीट भरली तर आमचे निम्मे काम होते, पण असो). लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. तांबड्या पेशी तळाशी बसल्या असत्या, तर मूत्रमार्गात रक्तस्राव आहे असे मानता आले असते, परंतु वरचा द्रव तसाच लाल राहिला आणि रक्ताच्या नळीतला रक्तद्रवही तांबूस दिसला, म्हणजे पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत होत्या. व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडल्याने असे होते, तसेच गोचिडांमार्फत पसरणाऱ्या बबेसिया या परजीवीमुळेही होते. उपचार मात्र अगदी वेगळे. कानाच्या टोकाच्या रक्ताची काचपट्टी मिथेनॉलने स्थिर करून जिम्सा रंगात ठेवली. भिंगाखाली बराच वेळ काहीच दिसेना. मग पट्टीच्या पातळ कडेला एका तांबड्या पेशीत टोकाशी जुळलेले, नासपतीच्या आकाराचे दोन जांभळे परजीवी दिसले, आणि त्यानंतर तशा जोड्या सापडतच गेल्या. पशुवैद्यकांना लगेच फोन केला. बबेसियावरच्या इमिडोकार्ब या औषधाचे इंजेक्शन आणि गोठ्यातल्या उरलेल्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिडांचा बंदोबस्त आता त्यांच्याकडे.